परीक्षक बाहेरचा : क्लोरोफॉर्म कमिशनपासून मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत

आपल्या मंडळाच्या मोदक स्पर्धेला परीक्षक नेहमी बाहेरगावचा असतो. किनवटहून, नाहीतर पांढरकवड्याहून कोणाला तरी मानाने बोलावतात, नारळ आणि शाल देतात आणि त्यांनी दिलेला निकाल सगळे मुकाट्याने मान्य करतात. फार पूर्वी एका वर्षी परीक्षक गावातलेच होते आणि पहिला क्रमांक त्यांच्याच घरात गेला. तो वाद पुढच्या वर्षीच्या वर्गणीपर्यंत पोचला होता, असे जुनी मंडळी हसत हसत सांगतात. ज्याने मोदक केला त्यानेच गुण द्यायचे नाहीत, एवढाच हा नियम. डॉक्टरांच्या जगाला मात्र तो अंगी लागायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्या गोष्टीचा एक मोठा अंक आपल्याच संस्थानात घडला.

आदिलाबादला जिल्ह्याचा दर्जा १९०५ साली मिळाला. त्याआधी आपला मुलूख निजामाच्या कागदपत्रांत सिरपूर-तांडूर या नावाने नोंदला जाई. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपण आंध्रात राहिलो. म्हणून हैदराबादची हकीकत ही आपल्याला परक्याची वाटू नये. आपले पणजोबा-खापरपणजोबा त्याच सरकारला सारा भरत होते.

१८४७ साली एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म देऊन माणसाला गुंगी आणता येते हे दाखवले. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी रोग्याला दाबून धरायचे आणि सर्जनने घड्याळाकडे बघत हात चालवायचा. क्लोरोफॉर्मने हे चित्र पालटले. रुमालावर थेंब थेंब टाकायचे, नाकाशी धरायचे, दोन-चार मिनिटांत रोगी झोपतो. पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडात हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली गेली. नखासाठी जीव गेला. त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले आणि डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, क्लोरोफॉर्म हृदय बंद पाडते, म्हणून भूल देणाऱ्याचे बोट नाडीवर हवे. एडिंबराचे म्हणत, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. श्वासावर नजर ठेवा, नाडीच्या नादी लागाल तर लक्ष उडेल. वाद पुस्तकी वाटतो, पण टेबलावरच्या माणसासाठी तो जीवनमरणाचा होता.

एडिंबराच्या तटातले एक कट्टर सर्जन १८८५ मध्ये हैदराबादला आले. एडवर्ड लॉरी. प्रसिद्ध सर्जन जेम्स साइम यांचे ते शिष्य. हैदराबादेत ते रेसिडेन्सी सर्जन होते, संस्थानाचे वैद्यकीय खाते त्यांच्या हाताखाली होते, अफजलगंजच्या दवाखान्यात त्यांचे काम चाले आणि मेडिकल स्कूलही तेच चालवीत. आपल्या हातून क्लोरोफॉर्मने एकही रोगी दगावला नाही, असा त्यांचा दावा होता. १८८८ मध्ये त्यांनी हा वाद मिटवायला कमिशन नेमले. सदस्य त्यांच्याच संस्थेतले. कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन आधी काय थांबते ते पाहिले. निष्कर्ष निघाला तो लॉरी वर्गात शिकवत होते तोच.

लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने यावर शंका घेतली. इथे लॉरींनी जे केले ते आजही कौतुकाचे वाटते. शंका घेणाऱ्यालाच त्यांनी आमंत्रण दिले. सहावे निजाम महबूब अली खान तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांच्याकडून एक हजार पौंड मंजूर झाले आणि ते थेट लॅन्सेटकडे गेले, की तुम्ही निवडाल तो तज्ज्ञ आमच्या खर्चाने पाठवा. लॅन्सेटने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठवले. छातीच्या कळेवर अमिल नायट्राइट हे औषध १८६७ मध्ये प्रथम वापरून दाखवणारे हेच ते ब्रंटन. शिवाय ते हृदयवाल्या तटातले. म्हणजे परीक्षक खरोखरच बाहेरचा होता, आणि विरोधी पक्षाचा होता.

ऑक्टोबर १८८९ मध्ये ब्रंटन हैदराबादला पोचले. दुसरे कमिशन बसले, त्यात ब्रंटन, बॉमफोर्ड नावाचे लष्करी सर्जन, हैदराबादचे डॉ. रुस्तमजी आणि लॉरी. दोन महिने काम चालले. कुत्री, माकडे, घोडे, शेळ्या, मांजरे, ससे मिळून चारशेहून अधिक जनावरे त्यात गेली. रक्तदाब कागदावर उमटवणारी यंत्रे लावली, प्रत्येक नोंदीचे फोटो काढून ठेवले. त्या काळात आणि आपल्या संस्थानात एवढी काटेकोर नोंद होत होती, हे वाचताना ऊर भरून येतो. वर्ष संपण्याआधी ब्रंटननी लॅन्सेटला तार केली : धोका गुदमरण्याचा आणि जास्त मात्रेचा, हृदयावर थेट परिणाम नाही. विरोधक लॉरींच्या बाजूला गेला होता. १८९० च्या लॅन्सेटमध्ये सगळा अहवाल छापून आला आणि हैदराबादचे नाव जगभरच्या शल्यगृहांत पोचले.

आता या गोष्टीतली मेख. दुसऱ्या कमिशनचे अध्यक्ष कोण होते? लॉरीच. परीक्षक बाहेरून आला, पण पंगतीत यजमानाच्या शेजारी बसला. जनावरे यजमानाची, मदतनीस यजमानाचे, प्रश्नही बहुतांशी यजमानाने ठरवलेला. भरपूर क्लोरोफॉर्म दिले तर आधी काय थांबते, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासले आणि त्याचे उत्तर खरेही होते. पण मुलगी घाबरलेली आहे, धडपडते आहे, गुंगी अर्धवट आहे, अशा वेळी काय होते हे कोणी विचारले नाही. ते १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी लंडनमध्ये मांजरांवर दाखवले : हलक्या गुंगीत हृदय एकाएकी थरथरून बंद पडते. हॅना ग्रीनरसारखे मृत्यू होतात ते असे. म्हणजे दोन्ही तट अर्धे अर्धे बरोबर होते. मधल्या बावीस वर्षांत लॉरींची शिकवण घेतलेले डॉक्टर नाडीकडे न बघता भूल देत राहिले.

लॉरी खोटारडे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट एवढ्या नोंदी उघड्यावर मांडणारा माणूस खोटा नसतो. पण स्वतःच्या मताविषयी पूर्ण खात्री असलेला प्रामाणिक माणूस हा परीक्षक म्हणून सर्वांत अवघड, असे मला कचेरीतल्या अनुभवावरूनही वाटते. आणखी एक. अफजलगंजच्या दवाखान्यात येणाऱ्या गोरगरिबांना "तुम्हाला भूल देण्याच्या दोन पद्धती आहेत, त्यात वाद चालू आहे" असे कोणी सांगत नसे. तशी रीतच नव्हती, लंडनलाही नव्हती.

याच लॉरींच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी पुढे हैदराबादेत भूल देण्याचे काम करू लागल्या. भारतातल्या, आणि बहुधा जगातल्या, पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. १९०९ मध्ये त्या जास्त शिकायला एडिंबराला गेल्या. त्यांच्यावर कोणीतरी मराठीत सविस्तर लिहायला हवे.

मेंदूच्या शस्त्रक्रियेचा या सगळ्याशी संबंध जवळचा आहे. कवटी उघडून तासन् तास काम करायचे तर रोगी शांत झोपलेला हवा आणि रक्तस्राव कमी हवा. लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली १८८६ पासून मेंदूवर शस्त्रक्रिया करू लागले तेव्हा त्यांनी मुद्दाम क्लोरोफॉर्मच निवडले, कारण त्याने मेंदूतले रक्त कमी वाहते. पुढे १९०१ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने क्लोरोफॉर्मसाठी खास समिती नेमली, तिच्यातही हॉर्स्ली होते. हैदराबादचा वाद आणि मेंदूची शस्त्रक्रिया असे एकाच माणसाच्या टेबलावर भेटले.

मेंदूच्या बाबतीत मात्र अडचण वेगळीच असते. पाय कापला तर तो कापलेला दिसतो, आणि बरा-वाईट निकाल रोगी स्वतः सांगू शकतो. मेंदूला हात लावला आणि माणूसच बदलला, तर तक्रार कोणी करायची? लिस्बनचे एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी वीस रोग्यांचे निकाल छापले. पाठपुरावा फारच थोड्या काळाचा होता, आणि गुण देणारे मोनिझ आणि त्यांचेच सहकारी. अमेरिकेत ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली. १९४९ मध्ये मोनिझना नोबेल मिळाले. १९५० मध्ये सोव्हिएत संघाने तीच शस्त्रक्रिया बंद केली. बरी झालेली म्हणून नोंदवलेली अनेक माणसे मुळात फक्त गप्प झाली होती.

आपल्याकडे मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला. वेल्लोरला डॉ. जेकब चांडी त्याच्या एक वर्ष आधी आले होते. १९५१ मध्ये या मंडळींनीच न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. आज देशभर जे न्यूरोसर्जन आहेत त्यांच्या गुरुपरंपरेत ही नावे येतातच. याच मद्रासमध्ये साठच्या दशकात डॉ. बालसुब्रमण्यम, डॉ. राममूर्ती आणि त्यांचे सहकारी, त्यांत देशातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन डॉ. टी. एस. कनका याही होत्या, अतिशय आक्रमक किंवा अनावर चंचल रोग्यांच्या मेंदूतला एक लहानसा भाग सुईच्या टोकाने निकामी करू लागले. याला त्यांनी नाव दिले 'सेडेटिव्ह न्यूरोसर्जरी'. शांत करणारी शस्त्रक्रिया. रोग्यांत लहान मुलेही होती. त्या काळी औषधे थोडी, मनोरुग्णालये भरलेली आणि घरात आई-बाप रात्रंदिवस जागे. अशा आईने सर्जनचे पाय धरले असतील तर मला तिला दोष देता येत नाही, सर्जनलाही नाही. पण नावच बघा. शांतता कोणासाठी? मुलासाठी की घरासाठी की वॉर्डासाठी? आणि निकालाची प्रतवारी शस्त्रक्रिया करणाऱ्यांनीच ठरवली. लॉरींचीच खुर्ची, फक्त हैदराबादहून मद्रासला आलेली.

हा प्रश्न जगभर पोचल्यावर तज्ज्ञ एकत्र बसू लागले. अमेरिकेत सरकारने नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९७७ मध्ये सांगितले की अशी शस्त्रक्रिया सरसकट बंद करू नये, पण ती सर्जनच्या एकट्याच्या मर्जीवरही नसावी. २०१४ मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून मनोविकारांवरील मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी तत्त्वे ठरवली. त्यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे : ही शस्त्रक्रिया राजकीय, पोलिसी किंवा सामाजिक हेतूने कधीही करायची नाही, रोग्याचे दुःख कमी व्हावे एवढ्यासाठीच करायची. आता मेंदूत बारीक तारा बसवून कंपवात आटोक्यात ठेवतात, माणसाच्या मेंदूत तर संगणकाची चिपही बसवली गेली आहे. ही तत्त्वे त्यामुळे पुस्तकात राहणारी नाहीत.

महाराष्ट्राने यात काय केले, तेही सांगायला हवे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. दक्षिण आफ्रिकेत पहिले रोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते. रोगी काही तासांतच गेला. हे हृदयाचे काम असले तरी त्यातला अवघड प्रश्न मेंदूचाच होता : हृदय धडधडत असताना, फक्त मेंदू मेला म्हणून माणूस मेला असे कोणी म्हणायचे? अमेरिकेत हार्वर्डच्या समितीने मेंदू-मृत्यूची लक्षणे ठरवली ती त्यानंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये. आपल्याकडे कायदा आला १९९४ मध्ये. त्यात चार डॉक्टरांच्या मंडळाने ठराविक अंतराने दोनदा तपासून मेंदू-मृत्यू ठरवायचा आणि अवयव रोपण करणाऱ्या चमूतला एकही डॉक्टर त्या मंडळात नसावा, असे लिहिले आहे. मोदक करणारा आणि गुण देणारा वेगळा, हे इथे प्रथम स्वच्छ कायद्यात आले.

त्याच केईएममधले न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या यांचे नाव या स्मरणिकेच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. १९९२ मध्ये काही डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या निवडणुकीत उतरले. डॉक्टरांनी डॉक्टरांवर देखरेख ठेवायची ती ही संस्था, ती आतून नीट करावी हा हेतू. ते हरले. पण गप्प बसण्याऐवजी त्यांनी वैद्यकीय नीतीसाठी एक मंच काढला आणि १९९३ पासून एक लहानसे नियतकालिक सुरू केले. संपादक डॉ. पंड्या. दिवसभर कवट्या उघडणारा माणूस रात्री बसून लिहीत असे की रोग्याला खरे सांगा, चुका लपवू नका, कट-कमिशन घेऊ नका. ते नियतकालिक आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ओळखले जाते. आपल्याच पेशातल्या लोकांविरुद्ध लिहायला किती धैर्य लागते, हे ज्याने कधी कचेरीत साहेबाच्या टिपणीवर उलट टिपणी लिहिली असेल त्याला कळेल.

आज कायदा बराच पुढे आला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९६ व्या कलमानुसार मनोविकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर त्या व्यक्तीची स्वतःची, समजून दिलेली संमती हवी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची मंजुरी हवी. दोन्ही हव्यात, एक चालत नाही. त्या मंडळात न्यायाधीश आहेत, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आहे, डॉक्टर आहेत. आणि दोन जागा अशा लोकांना आहेत ज्यांनी स्वतः मानसिक आजार काढला आहे किंवा घरात अशा माणसाची शुश्रूषा केली आहे, किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेतले आहेत. मद्रासच्या त्या आईला ही खुर्ची मिळायला पन्नास वर्षे लागली. संशोधनाच्या बाबतीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वे आहेत. त्यांत नीती समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचाच असावा, आणि संमतीचा कागद रोग्याला समजेल अशा भाषेत असावा, असे म्हटले आहे.

कागदावरचे नियम गावात पोचताना काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. २००९ मध्ये खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा एक अभ्यास चालला. त्यांत वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुली बऱ्याच होत्या. आई-बापांच्या सहीच्या जागी अनेक अर्जांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवला गेला आणि संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा मुद्दाच वेगळा. ज्यांच्या मुली त्यांना विचारले नाही, हा मुद्दा. आपल्या जिल्ह्यातही उटनूरकडे गोंड, कोलाम मुलांची वसतिगृहे आहेत, म्हणून ती बातमी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसू शकलो नव्हतो.

आणि आपण स्वतः? आदिलाबादेत मेंदूला मार लागला की गाडी एक तर नागपूरच्या, नाहीतर हैदराबादच्या रस्त्याला लागते. रस्ता एकच, चव्वेचाळीस नंबरचा, फक्त तोंड कुठे वळवायचे ते ठरवायचे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकांची मोटारसायकल घसरली. आम्ही त्यांना घेऊन हैदराबादला गेलो. रात्री दीड वाजता सिस्टरने माझ्यापुढे तीन पानी कागद धरला. "इक्कड संतकम् पेट्टंडी." इथे सही करा. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे, इंग्रजी कचेरीपुरते. तेलुगू चांगले बोलतो, पण छापील मजकूर भराभर वाचता येत नाही, आपल्या पिढीतल्या बहुतेकांचे तसेच आहे. काकू म्हणाल्या, "अरे, कर ना सही, उशीर होतोय." मी म्हणालो, "काकू, सही तुमची लागते." त्यांनी मराठीत सही केली, थरथरत. डॉक्टर भला माणूस होता, त्याने हिंदीत दोन मिनिटांत सगळे सांगितले. ऑपरेशन नीट झाले. काका अजून चतुर्थीला दुर्वा आणायला स्वतः जातात.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात सांगितले आहे की सज्ञान रोगी भुलीत असताना, तातडी नसेल तर, त्याच्या आईची संमती पुरत नाही. रोगी जागा होईपर्यंत थांबायला हवे. काकांच्या बाबतीत तातडी होती, थांबणे शक्य नव्हते, म्हणून काकूंची सही रास्तच होती. पण त्या कागदात काय लिहिले होते ते आम्हाला परत आल्यावर कळले.

झेरॉक्स काकूंनी पेटीत जपून ठेवली होती. माझी मुलगी तेलुगू माध्यमातून नाही, पण शाळेत तेलुगू विषय सक्तीचा असल्याने भराभर वाचते. एका रविवारी तिने काकूंच्या ओट्यावर बसून तो कागद वाचला आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेली. रक्त द्यावे लागल्यास हरकत नाही. कवटीचा तुकडा काही काळ बाहेर ठेवावा लागल्यास हरकत नाही. शेवटच्या पानावर एक ओळ होती, उपचाराची माहिती आणि फोटो शिक्षण व संशोधनासाठी वापरायला माझी संमती आहे. काकूंनी ती ओळ तिला पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाल्या, "याला मी हो म्हटलंच असतं गं. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." आणि कागद घडी करून परत पेटीत ठेवला.